पॅरिशच्या सीमेबाहेरचे वाशीम

इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडल्या गेलेल्या अँग्लिकन पंथात ‘पॅरिश’ म्हणजे एका देवालयाच्या आणि एका पाळकाच्या जबाबदारीत येणारा ठरावीक मुलूख होय. त्या हद्दीतील माणसांचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद त्याच देवालयाच्या वहीत होत असे, आणि गरीब-श्रीमंत सारेच त्या पाळकाचे मानले जात. भारतात मात्र ही व्यवस्था मुलखासकट आली नाही. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या नोकरांसाठी आणि सैनिकांसाठी पगारी धर्मगुरू, म्हणजे चॅप्लेन, नेमत असे आणि जेथे छावणी किंवा साहेबांची वसाहत असेल तेथेच देवालय उभे राही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तरी वाशीमला मोठी इंग्रज वसाहत नव्हती. त्यामुळे या जिल्ह्याच्या संदर्भात अँग्लिकन वास्तूचा विचार करायचा, तर सुमारे अडीचशे किलोमीटरवरील नागपूरकडे वळावे लागते.

नागपूरच्या ऑल सेंट्स देवालयाचा मूळ आराखडा १८५१ साली मद्रास इंजिनिअर्समधील तरुण अधिकारी रिचर्ड सँकी याने केला. तेव्हा नागपुरात तिसरे रघूजी भोसले गादीवर होते, आणि संस्थान खालसा होण्यास अजून तीन वर्षांचा अवकाश होता. म्हणजे हे देवालय प्रथम उभे राहिले ते भोसल्यांच्या राज्यात, त्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेन्सीच्या आश्रयाने. पुढे बंगळुरातील ‘अठरा कचेरी’ ही सरकारी इमारत उभारणाऱ्या सँकीची ही आरंभीची वास्तू लहान होती. १९०३ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, एअर चॅटर्टन पहिले बिशप झाले आणि देवालयाला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या पीठस्थानाचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. कॅथेड्रलच्या विस्ताराचा आराखडा जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचा आहे. चौदाव्या शतकातील इंग्लिश गॉथिक शैलीचे ते निष्ठावंत अभ्यासक होते, आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलची आरंभीची रचनाही त्यांच्याच हातची.

गॉथिक शैलीचा प्राण टोकदार कमानीत असतो. अर्धवर्तुळाकार कमान दगडांचे ओझे बाजूंना जोराने रेटते, म्हणून तिला जाड भिंती लागतात. टोकदार कमान तेच ओझे अधिक सरळ खाली उतरवते, त्यामुळे भिंत हलकी करता येते आणि खिडकी उंच नेता येते. आतील रचनेत भाविकांचा लांब दालनाचा भाग ‘नेव्ह’, तर पूर्वेकडील वेदीचा भाग ‘चॅन्सेल’ म्हणून ओळखला जातो. वाशीमच्या बालाजी मंदिरात किंवा कारंज्याच्या जैन मंदिरांत वावरलेल्या माणसाला सभामंडप आणि गाभारा यांच्यातील अंतर जसे न सांगता कळते, तसेच हेही कळावे. फरक इतकाच की चॅन्सेलमधील विधी सगळ्या मंडळीच्या डोळ्यांसमोर चालतो आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाविक स्वतः वेदीच्या कठड्यापर्यंत जाऊन गुडघे टेकतो. ही रचना अत्यंत विचारपूर्वक घडवलेली आहे, परंतु ती ज्यांच्यासाठी प्रथम घडवली गेली त्यांत वऱ्हाडातला शेतकरी नव्हता, हे विसरून तिचे कौतुक करणे न्यायाचे होणार नाही.

वाशीमपर्यंत जी उपासना पोहोचली ती दुसऱ्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला, त्या काळात अमेरिकन मेथडिस्ट मिशनने वाशीमला अनाथ मुलांना आसरा दिला. मेथडिस्ट पंथ मुळात अँग्लिकन पंथाच्याच पोटातून निघालेला आहे. त्याचे प्रवर्तक जॉन वेस्ली अखेरपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच राहिले. देवालयांची दारे त्यांच्यासाठी बंद होऊ लागली तेव्हा, १७३९ पासून, ते उघड्या माळावर खाणकामगारांना उपदेश करू लागले, आणि दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये शिरल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ज्या चळवळीचा आरंभच पॅरिशची हद्द ओलांडण्यातून झाला, तीच पॅरिशच्या हद्दीबाहेर राहिलेल्या वाशीमला पोहोचली, यात इतिहासाची एक खोल सुसंगती आहे. मेथडिस्ट परंपरेत शिखरापेक्षा व्यासपीठाला, म्हणजे वचन वाचून समजावण्याच्या जागेला, मान अधिक. म्हणून साधे कौलारू छप्पर आणि सतरंजीवर बसलेली मंडळी एवढ्यावरही तिचे देवालय पूर्ण होऊ शकते.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक अँग्लिकन आणि मेथडिस्ट या दोन्ही पंथांचे नव्हते. तरीही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची भजने नागपूरच्या कमानींखाली जशी गायली जातात तशीच मेथडिस्ट मंडळींतही गायली जातात, आणि मराठी ख्रिस्ती समाजाची खरी एकी आराखड्यांआधी या गाण्यात घडली, असे म्हणावेसे वाटते. संघटनेची एकी कठीण ठरली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्समध्ये अँग्लिकनांसह सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी होती, पण अखेरच्या टप्प्यावर ती बाजूला झाली आणि १९८१ साली ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाली; त्यामुळे ज्या ऐक्याची घोषणा विदर्भाच्याच भूमीवर झाली, त्याच्या कक्षेबाहेर वाशीमची ही जुनी परंपरा राहून गेली.