हाजी अलींच्या शेजारी, चाकांवरच्या घरात

आपांनी कॅलिफोर्नियातले घर विकल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग राहणार कुठे?" आपा हसून म्हणाल्या, "गाडीत."

दुल्हेभाई निवृत्त झालेले, मुले आपापल्या मार्गाला लागलेली. चार बेडरूमचे घर देऊन दोघांनी मोटरहोम घेतले. आम्हांला ते पटले नाही. त्याच सुमारास दाभोळ खाडीकाठचे आमचे वडिलोपार्जित घर विकायचे की ठेवायचे, हा विषय निघाला होता आणि कागदावर आपांचीही सही लागणार होती. स्वतःचे घर एवढ्या सहज विकणारी बहीण गावच्या घराची काय कदर करणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

जानेवारीत भाचीच्या निकाहसाठी लॉस एंजेलिसला जाणे झाले. निकाह उरकल्यावर आपा म्हणाल्या, "आता चार दिवस आमच्या घरी चला."

दहा नंबरच्या महामार्गाने आम्ही पूर्वेला निघालो. ब्लाइथ गावी कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना राज्य लागते. तिथून अर्ध्या तासाच्या आत क्वार्ट्झसाइट. एरवी काही हजार वस्तीचे गाव, पण हिवाळ्यात वाळवंटभर मोटरहोमच मोटरहोम. ला पोसा नावाच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहण्याचा परवाना तेव्हा 180 डॉलरला होता, चौदा दिवसांचा 40 डॉलरला. जागेवर वीज नाही, नळ नाही. टपावर सोलर पॅनेल, पोटात पाण्याची टाकी. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी. भरल्या की ठरलेल्या जागी नेऊन रिकाम्या करायच्या.

आतली जागा आमच्या शाळेतल्या स्टाफरूमपेक्षाही लहान. वुजूला एकच लोटा. "सुरुवातीला टाकी तीन दिवसांत संपायची, आता दहा दिवस पुरते," आपा म्हणाल्या. कोकणात जन्मभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलेले आम्ही. इथे किब्ला ईशान्येला. त्यात गाडी जशी उभी राहील तशी घरातली दिशा बदलते. काल बेसिनकडे, आज दाराकडे.

घर रिकामे करायला त्यांना तीन महिने लागले. मुलांसाठी जपून ठेवलेले सामान मुलांनीच नको म्हटले. जहेजमधल्या चादरी, डिनर सेट, कपाटे वाटून झाली. उरले कुराण शरीफ, औषधांचा डबा, चार-चार जोड कपडे आणि अम्मीचे पानदान. "सामान गेल्याचे दुःख आठवडाभर टिकले," आपा म्हणाल्या, "पण ईदला चाळीस माणसे जेवायला बसायची, ती आता कुठे बसवू?" एकदा इंजिन बिघडले, तेव्हा घरच गॅरेजमध्ये गेले आणि दोघांना पाच दिवस मोटेलमध्ये काढावे लागले. कागदोपत्री पत्ता तर लागतोच. कायम फिरणारे लोक त्यासाठी साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा ही राज्ये निवडतात. तिथे टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या सेवा असतात. आपांचा पत्ता साउथ डकोटाचा, पण तिथे त्या फार थोड्या रात्री राहिल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी दुल्हेभाई आम्हांला गावच्या कबरस्तानात घेऊन गेले. हाजी अली म्हटले की आपल्याला मुंबईचा समुद्र आठवतो. इथेही एक हाजी अली आहेत. 1856 मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर उस्मानी मुलुखातून हे उंटवाले आले. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, त्याचे 'हाय जॉली' झाले. यादवी युद्धाच्या काळात उंटांचा प्रयोग बारगळला, पण हे परतले नाहीत. 1902 मध्ये ते इथेच वारले. 1935 मध्ये महामार्ग खात्याने कबरीवर दगडांचा पिरॅमिड बांधला, वर तांब्याचा उंट बसवला. आजूबाजूला तात्पुरते थांबलेले हजारो लोक, आणि मध्ये आयुष्यभर फिरलेला हा माणूस कायमचा विसावलेला.

परतताना आपांनी मनातली गोष्ट काढली. "आम्ही मुसाफिर की मुकीम?" आपण कोकणी शाफई. चार दिवसांहून कमी मुक्काम असेल तर मुसाफिराला कसरची सवलत. पण ज्याचे घरच त्याच्याबरोबर फिरते, त्याचे काय? त्यांनी इमामसाहेबांना विचारले होते. बायकामुलांसह जहाजावरच राहणाऱ्या खलाशाचा मसला फिकहच्या किताबांत आहे, असे त्यांनी सांगितले : त्याला सवलत आहे, पण पूर्ण नमाज अफजल.

आम्हांला आजोबा आठवले. तेही बोटीवर होते. पण त्यांचे घर बोटीवर नव्हते. दादी गावी होती, म्हणून परतायला दार उघडे होते.

शेवटी आम्हीच विचारले, "आपा, गावच्या घराचे काय करायचे?"

"माझे घर मी विकले, कारण त्यात आम्ही राहत नव्हतो, नुसती झाडलोट करत होतो," आपा म्हणाल्या. "गावचे घर वर्षातून किती दिवस उघडता?"

आम्ही गप्प झालो. गेल्या वर्षी आठच दिवस उघडले होते.

मे महिन्यात गावी जाऊन आम्ही माळा रिकामा केला. घरची मोठी देग पंधरा वर्षे पालथी पडून होती. ती कल्हई करून जमातीला दिली. पहिल्याच वलीम्याला तिच्यात बिर्याणी शिजली. सहीचा कागद अजून कपाटात आहे. विकायचे की नाही ते ठरलेले नाही. मात्र या ईदला घर उघडायचे, आणि त्या चाळीस जणांची पंगत तिथे बसवायची, असे आपांनी कळवले आहे. इन्शाअल्लाह.