आमच्या घरची शकुंतला

आमच्या भावंडांत दोन गट आहेत. ज्यांच्या डोळ्यांत मूर्तिजापूरहून अचलपूरला धावणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा कोळसा गेला ते, आणि ज्यांच्या गेला नाही ते. मधली रेघ 1994 ची. त्या वर्षीच्या एप्रिलात, 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन सेवेतून उतरलं आणि डिझेल आलं. ताई, दादा, मोठ्या मामाची मुलं रेघेच्या पलीकडची. आम्ही धाकटी डिझेलवाली. दिवाळीला सगळे जमलो की अजूनही वाद रंगतो, खरी शकुंतला कोणी पाहिली म्हणून. वाद मिटत नाही, पण त्या निमित्ताने सगळी स्टेशनं एकदा तोंडून जातात: लाखपुरी, बनोसा, लेहेगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट. लहान भाचरांना ती पाढ्यासारखी पाठ झाली आहेत, गाडी न पाहताच.

मूर्तिजापूर आमचं घर आणि पथ्रोटच्या बाजूला आजोळ, म्हणून उन्हाळा लागला की शकुंतला ठरलेलीच. आई आदल्या रात्री दशम्या करून ठेवायची. बरोबर लसणाची चटणी, कांदे आणि आजीकडून आलेल्या बरणीतलं आंब्याचं रायतं. लाखपुरीजवळ पूर्णा आली की डबा उघडायचा, हा घरचा नियम. पुढे अंजनगावला पानमळ्यांचा आणि पानपिंपरीचा मुलूख सुरू व्हायचा. बायका टोपल्या घेऊन चढायच्या आणि बसायला जागा करून देता देता आईशी त्यांची ओळख निघायची. कोण कुठली, कोणाच्या घरची, माहेर कुठलं. पथ्रोट येईपर्यंत त्यातली एक तरी आमची मावशी झालेली असायची.

तिकिटं पुठ्ठ्याची, बोटभर रुंद. खिडकीतल्या लोखंडी यंत्रात घालून खटकन दाबली की कडेला तारीख उठायची. तो खटका ऐकायला दादा रांगेत पुढे घुसायचा. आम्हा धाकट्यांच्या वाट्याला तो खटका क्वचितच आला, कारण आमच्या काळात बहुतेक स्टेशनांवर मास्तरच उरले नव्हते. गाडी थांबली की गार्डसाहेब स्वतः उतरायचे, तिकिटं द्यायचे, पेटी मिटून परत डब्यात चढायचे. वाटेत फाटक आलं की गाडी अलीकडे उभी राहायची. गाडीवरचाच एकजण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत यायचा आणि मग पुढचा प्रवास. शेताच्या धुऱ्यावरून कोणी हात केला, "थांबा ना जी गार्डसायेब, आमची बाई येऊन राह्यली," तर गाडी थांबायची. पोटुशी लेक माहेरी निघालेली असायची. तिला हात देऊन वर घेणारे गार्ड आम्ही पाहिले आहेत.

शकुंतला शेवटी बंद का पडली, याचं उत्तर घरात प्रत्येकाचं निराळं. मामा कापसाचं कारण सांगतात, आणि ते मुळाशी जाणारं आहे. वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेतल्या गिरण्यांना जावा, म्हणून किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही अडीच फुटी लाईन टाकली. एक फाटा मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, सुमारे 113 किलोमीटर. दुसरा आमचा, अचलपूरचा, 76 किलोमीटर. पण लाईन अरुंद, मूर्तिजापूरची मोठी लाईन रुंद. गठाणी तिथे उतरवायच्या आणि पुन्हा दुसऱ्या वाघिणीत भरायच्या. डांबरी सडका झाल्या, ट्रक जिनिंगच्या दारात लागून थेट गिरणीपर्यंत जाऊ लागला, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण करणार? गाडीतून आधी कापूस उतरला, मग माणसं.

ताईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, गाडीला धनीच नव्हता. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाईन खाजगी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि चालवायची सरकारी रेल्वेने. दुसऱ्याच्या लाईनवर पैसा घालायला रेल्वेचा हात आखडता आणि मालकाला देखभालीची तमा नाही. स्लीपर कुजले, गिट्टी सरकली, म्हणून वेग कमी केला. वेग कमी म्हणून अचलपूरला चार-चार तास लागू लागले. तेवढ्यात एस.टी. जाऊन परत यायची. मग प्रवासी घटले, आणि प्रवासी नाहीत म्हणून माणसं आणि फेऱ्या कमी केल्या. 2010 नंतरच्या दशकात आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी थांबली.

मला दोघांचंही पटतं, पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात येत नाही. गाडी अगदी रखडत होती तेव्हाही ती भरलेली असायची. एस.टी.च्या भाड्याच्या मानाने तिचं तिकीट अगदी किरकोळ होतं. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाया, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, टोपलीभर भाजी विकून घरी परतणारे, ही सगळी माणसं शेवटपर्यंत तिच्याबरोबर होती. त्यांना वेळेपेक्षा दहा-वीस रुपये मोठे होते. स्टेशनं ओस पडली ती गरज संपली म्हणून नव्हे. ज्यांना गरज होती त्यांचं कोणी मोजमाप केलं नाही, म्हणून.

मधे आम्ही भावंडं मिळून त्या बाजूने गेलो. वाटेतल्या एका स्टेशनाच्या भिंती उभ्या आहेत, चांगल्या जाड. दारं-खिडक्या गेल्या आहेत. फलाटावर गाजरगवत माजलं आहे आणि रुळांमध्ये बाभळी मनगटाएवढ्या झाल्या आहेत. तिकिटाच्या खिडकीचा दगडी कट्टा पैसे सरकवून सरकवून गुळगुळीत झाला होता, तो तेवढा तसाच आहे. ताईने त्यावर हात फिरवला.

ही लाईन ब्रॉडगेज व्हावी म्हणून आमच्या भागातली माणसं मोर्चे काढतात, निवेदनं देतात. आमच्या घरातले सगळे त्यांच्या बाजूचे आहेत. फक्त आमचं एक मागणं जास्तीचं आहे. नवी गाडी वेगाने धावावी, जरूर धावावी, पण तिने लेहेगावला थांबावं, कापूसतळणीला थांबावं आणि तिचं तिकीट वेचणीच्या मजुरीत बसावं. थांबे आणि भाडं, या दोन गोष्टींमुळेच शकुंतला आमची झाली होती. त्या नसतील तर वऱ्हाडात एक गाडी येईल, पण शकुंतला परत आली असं आमच्या घरात कोणी म्हणणार नाही.