कॅमेरा घेऊन कासला

फोटो काढायला शिकायचंय? मग सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी आई-बाबांबरोबर कासला चला. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं, की सुमारे २५ किलोमीटरवर हे पठार लागतं. मी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. डोक्याला हेल्मेट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा. पाठीवर असला म्हणजे त्याला खड्ड्यांचे हादरे कमी बसतात.

पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर. ही माती इतकी निकस, की 'सीतेची आसवं' ही इवल्या जांभळ्या फुलांची वनस्पती मातीतल्या चिमुकल्या फुग्यांत बारीक जीव पकडून पोट भरते!

उभ्यानं फोटो काढलात, तर नुसता जांभळा गालिचा दिसेल. वाटेवरच गुडघे टेका, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा, वारा थांबू द्या, मगच बटण दाबा. सकाळचं तिरपं ऊन उत्तम. भर दुपारी फुलं फिकी दिसतात.

पण जवळून फोटो हवा म्हणून आखलेली वाट सोडू नका हं! तेरड्यासारखी झाडं एकच पावसाळा जगतात. फूल तुडवलं, की बी धरत नाही आणि बी नाही तर पुढच्या वर्षी फूल नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारसा म्हणून निवडल्या, त्यांत कास आहे. फोटोत फूल थोडं लहान आलं तरी चालेल. ते जागेवर राहिलं पाहिजे.