हेराल्ड आधी की फियाट

दोन जुन्या मोटारी दारात उभ्या असतात. पैसा, जागा आणि उसंत मात्र एकीपुरतीच असते. अशा वेळी बहुतेक मालक पहिल्यांदा बॉनेट उघडतात. इंजिन फिरते का, धूर किती मारते, आवाज कसा येतो, एवढ्यावर गाडीचे भवितव्य ठरवून टाकतात. पेठ वडगाव परिसरात हा क्रम उलटा असायला हवा. उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांच्या मागणीवर कोल्हापूरचा ओतकामाचा आणि लेथकामाचा धंदा वाढला. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीची एमआयडीसी या दोन्ही ठिकाणी पोचायला वडगावहून वेळ लागत नाही. झिजलेले सिलिंडर बोअर करणे, स्लीव्ह घालून मूळ मापावर आणणे, क्रँक ग्राइंड करणे, तडकलेले हेड सांधणे ही तिथली रोजची कामे आहेत. नमुना हातात दिला तर बुश, पिन, पुली असले भाग टर्नर करून देतो. जाम झालेले इंजिन हा इथे खर्चाचा प्रश्न असतो, अशक्यतेचा फारसा नसतो. म्हणून निवडीच्या यादीत इंजिन शेवटी ठेवावे.

जुनी मोटार म्हटले की कोल्हापुरात आधी छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक डोळ्यांपुढे येते. शाही दसऱ्याला ती रस्त्यावर निघते, तेव्हा सोने लुटण्याइतकीच तिच्याकडेही लोकांची नजर असते. परंतु ते राजवाड्याचे वैभव झाले. सामान्य घरांतल्या शेडमध्ये निघतात त्या लायसन्स राजमधल्या गाड्या. दोन आसनी स्पोर्ट्स कार त्या काळात क्वचितच दिसे. मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट ११०० होती. तीच पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी झाली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून ट्रायम्फ हेराल्ड बनवली. स्पोर्ट्स कारच्या सगळ्यांत जवळ जाते ती हीच. इंग्लंडमध्ये १९६२ साली आलेली दोन आसनी स्पिटफायर हेराल्डचीच चेसिस आखूड करून बनवलेली होती. दोन दारांच्या हेराल्डचा टप बोल्ट सोडले की निघतो, त्यामुळे हौशी मालकांनी तिच्या उघड्या गाड्याही केल्या.

या दोन गाड्यांमधला खरा फरक बांधणीत आहे. हेराल्डला स्वतंत्र चेसिस आहे. मधोमध दोन लोखंडी तुळया आणि त्यांना बाजूने फुटलेले हात, असा तो सांगाडा आहे. वरचा पत्रा तुकड्यातुकड्यांनी त्यावर बोल्टने बसवलेला असतो. बॉनेट आणि पुढची मडगार्डे मिळून एकच तुकडा पुढे कलतो, आणि मेस्त्री पुढच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो. दाराखालची पट्टी गंजली तरी गाडी खचत नाही, ती पट्टी काढून दुसरी लावता येते. बाजूचे हात सडले तर नवे करून वेल्ड करता येतात. जपायच्या त्या मधल्या तुळया, त्यातही मागे डिफरन्शियल धरणारा भाग. तिथे गंज आरपार गेला असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी नाही म्हणावे.

फियाटचे वेगळे आहे. तिला चेसिस नाही, फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि टप मिळूनच तिचा कणा होतो. पट्टी आतून सडली की तिथे वर नुसता नवा पत्रा ठोकून भागत नाही. जुना काढताना गाडी वाकू नये म्हणून दारांच्या चौकटीत आडवे आधार द्यावे लागतात, मगच कापाकाप. हे काम येणारे हात आता कमी आहेत. बाकीचे डेंटर लांबी भरून रंग मारून देतात. दोन पावसाळे गाडी चकाचक दिसते, मग रंगाला फोड येतात.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात मुरलेला गिऱ्हाईक कातडीच्या चकाकीवर जात नाही, दात बघतो. गाडीचे दात तिच्या खाली असतात. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवले तर लांबीचा जाड थर कुठे आहे ते कळते, तिथे चुंबक धरत नाही. फियाट एका बाजूने जॅकवर उचलावी आणि दार उघडझाप करून पाहावे. दाराची फट वरून बदलली किंवा दार अडले तर पट्ट्या गेल्या म्हणून समजावे. मागचे पाटे पुढच्या टोकाला जिथे अडकतात ती जागा आणि पायाखालचे फ्लोअर बोटाने दाबून पाहावे. हेराल्डच्या पुढच्या चाकामागे खाली ब्राँझचे ट्रनियन असते. त्याला ग्रीसऐवजी जाड गिअर ऑइल लागते. वर्षानुवर्षे ग्रीस मारले गेले असेल तर त्यात फिरणाऱ्या पोलादी दांड्याचे आटे गंजतात आणि तो मोडला तर चाक आडवे होते. ट्रनियन कोल्हापुरात ओतून मिळेल, तो दांडा मात्र चांगल्या ठिकाणाहून नवाच आणावा.

पुराचाही विचार करायला हवा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून धुऊन स्वच्छ दिसते, पण पोकळ पट्ट्यांत गाळ सुकून बसलेला असतो आणि प्रत्येक पावसाळ्यात तो ओल धरतो. फियाटमध्ये असा गाळ सापडला तर ती दुसऱ्या नंबरवर जाते. हेराल्डची बॉडी उतरवून चेसिस पाण्याच्या फवाऱ्याखाली धुता येते, हा तिचा मोठा फायदा.

यानंतर मोजायचे ते हरवलेले भाग. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, मागची वाकडी काच, डॅशबोर्डचे घड्याळी मीटर, दारांची मूळ कुलपे या वस्तू लेथवर होत नाहीत. शेडच्या कोपऱ्यात पोत्यात ठेवलेल्या असतील तर ते पोते गाडीबरोबरच घ्यावे. फियाटचे भाग टॅक्सीमुळे भरपूर निघत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते ढिगाने मिळत. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे बंद झाली. आता उरलेला साठा आटत जाणार. हेराल्डचे इथले भाग तर केव्हाच दुर्मीळ झाले. मात्र तिचे कित्येक भाग स्पिटफायरच्या कुटुंबात समान असल्याने इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. कुरिअर आणि कस्टम धरून महाग पडतात, पण मिळतात. भारतीय बनावटीचा खास पत्रा किंवा चार दारी गाडीची काच तिथेही नाही, हे आधी तपासावे.

कागद हा कंटाळवाणा भाग, पण त्यावरून निवड फिरू शकते. आरसी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या सह्या आणि फॉर्म ३१ आधी, स्पॅनर नंतर. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्तीपुरतीच काढायची. १९६९ची हेराल्ड या दारातून आत जाते. १९८४च्या पद्मिनीला २०३४पर्यंत थांबावे लागेल. पेट्रोल वाचवण्यासाठी डिझेल इंजिन बसवण्याची एके काळी चाल होती. तशी गाडी असेल तर मूळ इंजिन कुठे आहे याची चौकशी आधी करावी.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही या परिसरातल्या साखर कारखान्यांचेच. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. दोन्ही गाड्यांत ते बदलावेच लागते, म्हणून निवडीत याला वजन नाही, फक्त खर्चात धरावे.

दोन्ही गाड्यांची अवस्था सारखीच असेल तर कौल हेराल्डच्या बाजूने द्यावा. ती सुटी होते, म्हणून घरच्या शेडमध्ये सवडीने, एकेक तुकडा घेऊन करता येते, काम मध्येच थांबले तरी झालेले वाया जात नाही. फियाटचे पत्राकाम एकदा कापायला घेतले की सलग पुरे करावे लागते, त्यासाठी पैसा आधी हातात हवा. याला एकच अपवाद आहे. फियाटच्या पट्ट्यांना गंज नुकताच लागला असेल आणि हेराल्डची चेसिस ठणठणीत असेल, तर आधी फियाट करावी. ठणठणीत चेसिस पाच वर्षे थांबू शकते, लागलेला गंज थांबत नाही. दोन्ही एकदम उघडण्याचा मोह मात्र कोणत्याही अवस्थेत टाळावा. दोन गाड्यांचे नटबोल्ट एकाच डब्यात पडले की दोन्हींचे भंगार व्हायला वेळ लागत नाही.

मागे राहणारी गाडी नुसती झाकून ठेवू नये. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पत्र्याला घाम फुटतो, सुती कापड आणि वर पक्के छप्पर बरे. चाकांवरचा भार काढून लाकडी ठोकळ्यांवर घ्यावी. पेट्रोल टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. बॅटरी बाहेर काढावी, रेडिएटर आणि ब्लॉकमधले पाणी सोडावे. प्लगच्या भोकांतून थोडे इंजिन ऑइल घालून महिन्या-दोन महिन्यांनी हाताने इंजिन फिरवावे, म्हणजे रिंगा धरत नाहीत. ऊस तुटल्यावर उंदीर घराकडे वळतात आणि वायरिंग हे त्यांचे आवडते खाद्य, तेव्हा हंगामात शेडमध्ये पिंजरा लावावा. नोंदणीची तारीखही लिहून ठेवावी. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, २०२५मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारीला ती १०,००० केली गेली, आणि उशीर केला तर दर महिन्याला वर दंड चढतो.