काट्यावरचा माणूस

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी वजनकाट्यावर कारकून आहे. भरलेला ट्रेलर काट्यावर घ्यायचा, रिकामा घ्यायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. दहा किलोंच्या आतला फरक आमच्या काट्याला कळतच नाही. मी मात्र कळायचो. १२८ किलो. चुकून प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो की ड्रायव्हर ओरडायचे, "साहेब उतरा, पावतीत याल!" मीही हसायचो.

हसू बंद झालं ते रोडपालीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बिघडली तेव्हा. प्रत्येक मजल्यावर थांबत होतो. साखर सात वर्षांपासूनची, शिवाय झोपेत श्वास अडकायचा. पथ्य, चालणं, काढे सगळं करून झालं होतं. शेवटी आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "आता वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी सर्जनला भेटा."

बायको घाबरली. तिला आठवत होती ती २०१७ सालची इजिप्तची ईमान अहमद. जवळपास पाचशे किलोंची ती बाई मालवाहू विमानातून मुंबईत आली होती, चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनी तिचं ऑपरेशन केलं होतं. "ती गेली ना शेवटी?" गेली, त्याच वर्षी सप्टेंबरात, अबू धाबीत. पण तिचे आजार फार वेगळे होते, हे बायकोला पटवायला मला दोन दिवस लागले.

पहिल्या ठिकाणी सर्जन भेटलेच नाहीत. टाय लावलेला एक मुलगा भेटला. आधीचे-नंतरचे फोटो, आणि शनिवारपर्यंत पैसे भरले तर पॅकेजवर सूट. पोटावर सूट! आम्ही चहाही न घेता उठलो.

मग मी काट्याच्या एका रद्द पावतीच्या मागे प्रश्न लिहिले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते, स्थूलतेवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची देशपातळीवर संघटनाही आहे. ते पाहिलंच. पण नोंदणी म्हणजे गाडीचं आरसी बुक. गाडी कोण कशी चालवतो ते त्यात नसतं.

नवी मुंबईतल्या दुसऱ्या सर्जननी आधी मलाच प्रश्न विचारले. रात्रपाळीत काय खाता? जेवल्यावर छातीत जळजळतं का? जळजळ फार असेल तर स्लीव्ह ऑपरेशनपेक्षा जठराचा बायपास बरा, म्हणाले. मला ती नव्हती. मग कागदावर जठर काढून दाखवलं. स्लीव्हमध्ये साधारण तीन चतुर्थांश जठर कापून काढतात, उरते केळ्याएवढी नळी, कडेला स्टेपलची रांग. ती रांग कधी कधी गळते. तुमच्या किती पेशंटांची गळली, हा माझा पावतीवरचा तिसरा प्रश्न. त्यांनी न अडखळता आकडा सांगितला.

बायकोचा प्रश्न पावतीवर नव्हताच. "घरी आल्यावर रात्री दोन वाजता ताप चढला, नाडी पळायला लागली, तर फोन कोण उचलणार?"

"मी. आणि इथे आयसीयू आहे. लांबच्या डॉक्टरकडे गेलात तर त्यांनाही हेच विचारा."

मोठ्या नावांसाठी मुंबईला जायचं माझ्या मनात होतं. पण रोडपालीच्या माणसाला अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. कळंबोली सर्कलवर ट्रेलर अडकले की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तिथेच ठरलं.

विम्याचं एक सांगतो. बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त असून आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखे गंभीर आजार आणि आधीचे उपाय फसलेले, असं असेल तरच क्लेम मिळतो. माझा बीएमआय ४५ होता, तरी डाएटिशियनचे जुने कागद मागितलेच. जपून ठेवा.

ऑपरेशनआधी यकृत आकसावं म्हणून दोन आठवडे पातळ आहार. तो ऑपरेशनपेक्षा जड गेला. आज चौदा महिने झाले. वजन ८७, भाकरी अर्धी, बी-१२ आणि कॅल्शियम जन्मभर. ती पावती पाकिटात आहे. बायकोचा प्रश्न मी नंतर त्या पावतीवर सगळ्यांत वर लिहिला. तुम्ही जाल तेव्हा तोच आधी विचारा.