काळजी करणारी माणसं

ती. मावशीस,


तुझं पत्र मिळालं. ‘लपाछपी’ सिनेमा पाहून रात्रभर दिवा चालू ठेवलास आणि सकाळी उठून मलाच विचारतेस, असले आणखी कुठले आहेत? लोक घाबरले की रामरक्षा म्हणतात, तू यादी मागतेस. यादी देते, पण आधी थोडं भांडू दे. तू लिहिलंयस, ‘शेवटी आईची माया जिंकली, म्हणून आवडला.’ माझं नेमकं तिथेच अडतं.

गर्भारपणाच्या या सगळ्या भयपटांची पणजी म्हणजे ‘रोझमेरीज बेबी’. १९६८ सालचा. आयरा लेव्हिनची कादंबरी आदल्याच वर्षी आली होती, तिच्यावरून रोमन पोलान्स्कीने काढला. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या, भारदस्त इमारतीत रोझमेरी आणि तिचा नवरा बिऱ्हाड करतात. बाहेरून दिसते ती इमारत म्हणजे डकोटा, जिच्या दारात पुढे जॉन लेननचा खून झाला. नवरा धडपडणारा नट आहे. शेजारी एक म्हातारं जोडपं राहतं आणि त्यातली मिनी ही बाई तू ओळखशीलच, कारण तशी एक आपल्या प्रत्येक इमारतीत असते. बेल वाजवून आत येते, येताना वाटीत काहीतरी आणते आणि जाताना घरातली खडान्‌खडा माहिती घेऊन जाते. रूथ गॉर्डनने ती अशी काही रंगवलीय की तिला ऑस्कर मिळालं.

एका रात्री मिनीने दिलेल्या चॉकलेटच्या गोड पदार्थाची चव रोझमेरीला खडूसारखी लागते. नवरा म्हणतो, तुझं आपलं काहीतरीच, खा की. ती थोडा खाते, उरलेला लपवते, तरी गुंगी येतेच. त्या रात्री, शेजाऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या कटातून, सैतानाचं जे व्हायचं ते होतं. सकाळी अंगावर ओरखडे असतात आणि नवरा सहज सांगतो, आजचा दिवस चुकवायचा नव्हता ना, म्हणून तू झोपेत असतानाच… तो हे खोटं सांगतोय हे नंतर कळतं. पण मला वाटतं, ते खरं असतं तरी पुरेसं भयानक होतं. नवऱ्याने झोपलेल्या बायकोवर केलेली जबरदस्ती या कथेत बहाणा म्हणून खपून जाते, म्हणजे त्या घरात ती किती साधी गोष्ट असेल!

पुढे दिवस जातात आणि सगळे तिची काळजी घेऊ लागतात. मोठा नामांकित डॉक्टर सांगतो, पुस्तकं वाचू नकोस, मैत्रिणींचं ऐकू नकोस. मिनी रोज घरच्या पाल्याचं पेय करून आणते. पोटात असह्य कळा येतात, वजन घटतं, डोळे खोल जातात. डॉक्टर म्हणतो, होईल बरं. मधे एकदाच ती तिच्या वयाच्या मित्रमैत्रिणींना घरी बोलावते. मैत्रिणी तिला स्वयंपाकघरात नेतात, नवऱ्याला बाहेर ठेवतात आणि म्हणतात, अगं, इतकं दुखणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. तेवढी दोन मिनिटं सिनेमात श्वास घेता येतो. ती दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं ठरवते, आणि तेवढ्यात दुखणं थांबतं, बाळ हलतं. मग काय, सगळं माफ.

भीतीचा खरा प्रसंग आणखी पुढे येतो. ती पळून एका तरुण, सभ्य डॉक्टरकडे जाते आणि सगळं सांगते. तो शांतपणे ऐकून घेतो, तिला आडवी हो म्हणतो. ती निर्धास्त पडते. आणि तो तिच्या नवऱ्याला आणि त्या मोठ्या डॉक्टरला बोलावून घेतो. हा कटातला नाही बरं का. हा आपला सज्जन माणूस, बाईच्या शरीराबद्दल बाईपेक्षा तिच्या नवऱ्यावर विश्वास ठेवणारा. सैतानाला सगळा सिनेमाभर फारसं काही करावंच लागत नाही.

(याच दिग्दर्शकावर १९७७ साली तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात खटला झाला आणि शिक्षा सुनावण्याआधीच तो अमेरिकेतून पळाला. बाईवरच्या जबरदस्तीचं इतकं अचूक चित्र त्याच माणसाने काढावं! ही गोष्ट मला पचलेली नाही आणि पचावी असंही वाटत नाही.)

तू पाठवलेला शतावरी कल्प मिळाला गं. रागावू नकोस, पण डबा उघडताना मिनी आठवली. तुझ्या मनात माया आहे, हे मला ठाऊक आहे. पण मिनीही कधी आवाज चढवत नाही, तिला फक्त बाळ हवं असतं.

आता ‘लपाछपी’. विशाल फुरियाने तो २०१७ साली केला आणि २०२१ मध्ये त्यानेच हिंदीत ‘छोरी’ काढला. उसाच्या फडात दडलेलं घर आणि त्यात दिवस भरत आलेली शहरी मुलगी, ही मांडणी जबरदस्त आहे. उषा नाईकांची तुळसाबाई तर मिनीचीच गावाकडची बहीण वाटते. मायेने जेवू घालते आणि नजर मात्र पोटावर. मुलींना मारणाऱ्या घराची गोष्ट आपल्याकडे सांगायलाच हवी होती. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा आला १९९४ मध्ये. तरी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. असल्या सिनेमाला भूत लागतं कशाला, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पण बघ, या सिनेमात राक्षस कोण? ‘मुलगाच हवा’ म्हणणारे. ‘मूल हवंच’ म्हणणाऱ्यांकडे सिनेमाची नजरही जात नाही. नायिकेला आपली सहानुभूती मिळते ती पोटातल्या जिवासाठी झुंजते म्हणून. तीच जर म्हणाली असती, मला हे बाळ नकोय, तर आपलं थिएटर कुणाच्या बाजूने उभं राहिलं असतं? मला तर वाटतं, तुळसाबाईच्या. आणि त्याच उसात बीडच्या तोडणीवाल्या बायका पाळीपायी खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून तरुणपणीच पिशवी काढून घेतात. एकीकडे कूस उजवण्यासाठी नवस आणि दुसरीकडे कूसच काढून टाकायची. बाईला विचारत दोन्हीकडे कुणीच नाही. असा भयपट माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून तुला मेक्सिकोचा ‘वेसेरा’ पाहायला सांगते. मिशेल गार्सा सेर्वेराचा हा पहिलाच मोठा चित्रपट, २०२२चा. सुरुवातीला बायका ग्वादालुपेच्या मेरीच्या अवाढव्य सोनेरी पुतळ्याशी नवस बोलायला जातात. आपल्याला हे काही नवं नाही. नायिका वालेरिया सुतारकाम करते, आपल्या हातांनी बाळासाठी पाळणा बनवते, आणि तिची कामाची खोली हळूहळू बाळाची खोली होते. ती सतत बोटं मोडते. तो कडकड आवाज नंतर भिंतींतून, समोरच्या इमारतीतून यायला लागतो. घरच्यांना तिचं भय दिसत नाही. त्यांना आठवतं एवढंच की हिच्या हातून एकदा कुणाचं तरी मूल पडलं होतं. हा नवरा वाईटही नाही, आणि मूल तिनेच मागितलेलं असतं. तिथेच तर गोम आहे. आपण मागितलेली गोष्ट खरंच आपली होती का, की इतक्यांनी इतक्या वेळा विचारली म्हणून आपली वाटू लागली? शेवटी ती बाळ आणि नवरा मागे ठेवून घराबाहेर पडते, आणि दिग्दर्शिका तिला शिक्षा करत नाही. मावशी, हे पाहताना मला जितकी भीती वाटली तितकी कुठल्याच भुताची वाटली नव्हती. त्यात सुटल्यासारखंही वाटलं, ते का, एवढं मात्र विचारू नकोस. मला मूल नकोच आहे असं नाही आणि हवंच आहे असंही नाही. हे वाक्य आपल्या घरात उच्चारायला जागा नाही, म्हणून पत्रात लिहिते.

‘क्लॉक’ (२०२३) पाहिला नाहीस तरी चालेल. मूल नको असलेल्या बाईला औषधोपचाराने ‘दुरुस्त’ करायची कल्पना छान आहे. तिचे वडील ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या पूर्वजांचा दाखला देऊन तिच्यावर वंश चालवायचं ओझं टाकतात, तो भाग तर फारच चांगला. पुढे नुसता धुडगूस आहे. ‘द बाबाडूक’ (२०१४) मात्र सोडू नकोस. त्या ऑस्ट्रेलियन बाईचा नवरा तिला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना अपघातात जातो, आणि ज्या मुलावर तिने जीव टाकायचा त्याचाच तिला राग येतो. आईला मुलाचा राग येऊ शकतो, हे जेनिफर केंट कसलीही माफी न मागता दाखवते. तूही एकदा उन्हाळ्यात आमच्या तिघांच्या कलकलाटात म्हणाली होतीस, ‘कुठून या कार्ट्यांना जन्म दिला!’ आम्ही हसलो होतो. तू हसत नव्हतीस.

रोझमेरी दिवसा पाहा आणि काकांना बाहेर पाठवून पाहा, नाहीतर ते मधेच म्हणतील, ‘अगं, तो डॉक्टर बरोबरच सांगतोय.’ ‘वेसेरा’ एकटीने नको. मी दिवाळीला येतेच आहे, तेव्हा दोघी मिळून पाहू. आणि तो कल्प तुझ्या सुनेला पाठवू नकोस. तिला काय हवंय ते आधी विचार.

तुझी,
मनू