हजिऱ्याहून घोघ्यास, गाडीसह

धुळ्याहून निघालेला हमरस्ता सुरतेस येऊन संपतो, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो सुरतेत संपत नाही. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली ही गावे मागे टाकीत तो शहराच्या कडेने तसाच पश्चिमेस जातो आणि हजिऱ्यास समुद्राच्या तोंडाशी थांबतो. सरकारी दप्तरी पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन उधना-लिंबायतेत स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचा हा येण्याजाण्याचा रस्ता; पण त्याचे हे शेवटचे टोक पाहण्याचा योग आम्हांस इतकी वर्षे सुरतेत काढूनही आला नव्हता. तो गेल्या माघात आला, आणि तोही गाडीसह समुद्र ओलांडण्याच्या निमित्ताने.

हजिऱ्याच्या शेजारीच सुवाली आहे. तापीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत; ती सुवालीच्या पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि तेथून माल होड्यांनी व बैलगाड्यांनी सुरतेस येई. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी झुंज याच पाण्यात झाली, आणि १६१५ मध्ये जहांगीर बादशहाच्या भेटीस निघालेला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. १६६४ आणि १६७० या दोन सालांविषयी आपले गुजराती शेजारी आपली थट्टा करतात, ती येथे सांगावयास नकोच! सांगावयाचे एवढेच की, चाकांवरचा माल जहाजापर्यंत नेणे हा सुरतेचा जुना व्यवसाय आहे. आज बैलगाडीच्या जागी मोटार आली आहे, आणि ती जहाजाच्या पोटातच शिरते.

हजिरा ते घोघा ही वाहने आणि उतारू दोन्ही नेणारी जहाजसेवा ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. त्यापूर्वी घोघा ते दहेज अशी सेवा होती. ती २०१७ मध्ये उतारूंसाठी आणि २०१८ मध्ये वाहनांसाठी सुरू झाली. परंतु दहेजच्या बाजूस गाळाने तिला सुखाने चालू दिले नाही. हजिऱ्याहून रस्त्याने भावनगरकडे जावयाचे तर भरूच, वडोदरा असा आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर चालावे लागते. समुद्रमार्गे ते अंतर सुमारे ९० किलोमीटर भरते. दहाबारा तासांचा प्रवास चारएक तासांवर आला. पहिल्या जहाजात तीस मालमोटारी, शंभर मोटारी आणि पाचशे उतारू मावतात, असे त्या वेळच्या सरकारी पत्रकात म्हटले होते.

आम्हांस या आकड्यांचे महत्त्व निराळ्या कारणाने होते. आमच्या मातोश्रींचे वय ८४. त्यांस तासाभरापेक्षा अधिक वेळ एका जागी बसवत नाही. आमची थोरली भगिनी भावनगरास असते. दीड वर्षापूर्वी मांडीचे हाड मोडल्यापासून ती उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. मायलेकी रोज दूरध्वनीवर बोलत, पण समोरासमोर भेट होऊन सहा वर्षे लोटली होती. इकडून रस्ता झेपत नव्हता, तिकडून जिना उतरवत नव्हता. मध्ये समुद्र होता, आणि त्यावरून जहाज जात होते. मात्र घोघ्याच्या धक्क्यापासून भावनगरपर्यंत सुमारे वीस किलोमीटर जाण्यासाठी, आणि मातोश्रींची चाकांची खुर्ची नेण्यासाठी, आपली गाडी बरोबर असणे इष्ट होते. तिकिटे काढली. निघण्यास बारा दिवस होते, आणि मध्येच साक्रीजवळच्या एका लग्नास जाणे आले.

त्या लग्नाहून परतताना कोंडाईबारीच्या घाटात आमच्या गाडीचा ब्रेक गेला.

गेला म्हणजे तुटला नाही. दहिवेलकडून विसरवाडीकडे उतरताना पुढे उसाने भरलेली मालमोटार होती, म्हणून आम्ही पायाखालचे पेडल सतत दाबूनच होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली गेले. मागच्या आसनावर सौभाग्यवती आणि दोन भाचरे होती. तिसऱ्या गिअरमधून दुसरा, दुसऱ्यातून पहिला टाकला. पेडल भराभर तीनचार वेळा दाबताच थोडी पकड आली, हँडब्रेक हळूहळू ओढीत गेलो, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसवून थांबविली. कोणास इजा झाली नाही. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पूर्ववत् टणक! जणू काही घडलेच नव्हते.

सुरतेस येताच, गाडीची नेहमीची देखभाल ज्यांच्याकडे होती त्या गॅरेजात ती नेली. त्यांनी चक्कर मारून पाहिली, ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली आणि "काही दोष नाही" असे सांगून बिल हाती दिले. आमचाही त्यावर विश्वास बसू पाहत होता, कारण घरापर्यंत ब्रेक उत्तम लागला. परंतु मातोश्रींनी ऐकले मात्र, आणि म्हणाल्या, "मी आणखी महिनाभर थांबेन रे, पण गाडी आधी नीट दाखवून घे." मग उधन्यातील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते आपल्याच शिरपूरकडचे. त्यांनी गाडी चालवून पाहिलीच नाही. "भाऊ, थंड गाडीला विचारून काय उपयोग? ती खोटंच बोलते," असे म्हणून त्यांनी ब्रेक ऑइल काढले. मधासारखे फिकट असावयाचे ते चहाच्या रंगाचे निघाले. ते शेवटचे कधी बदलले, हे आम्हांस सांगता आले नाही. टॉपअप दर वेळी होत होते; बदल एकदाही नाही.

यातील शास्त्र त्यांनी जसे समजाविले तसे, आणि मागाहून आम्ही गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिले तसे, येथे देतो. ब्रेक ऑइल हे खरे तेल नव्हेच. ते हवेतील ओलावा शोषून घेणारे द्रव्य आहे. सुरतेसारख्या दमट हवेच्या गावी तर त्यास ओलाव्याचा तोटा नाही. डॉट ३ या प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात ब्रेक सतत दाबून धरला की पॅड आणि डिस्क भयंकर तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते आणि त्यातील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि सारा जोर तिच्यातच जिरतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल टणक लागते. गॅरेजवाल्यांस दोष दिसला नाही तो यामुळे.

सुरतेची भूमी सपाट आहे. आपण वराछा ते अडाजण दिवसभर फिरलो तरी उड्डाणपुलांखेरीज चढ-उतार लागत नाही. गर्दीत वेग नाही, त्यामुळे ब्रेक तापतही नाही. येथला ब्रेक वर्षानुवर्षे नापास न होता राहतो, तो परीक्षाच होत नाही म्हणून. मग दिवाळीत किंवा लग्नसराईत आपण गावी निघतो, आणि कोंडाईबारी किंवा सापुताऱ्याचा उतार ही पहिली परीक्षा ठरते. गाडीत मुलेबाळे आणि टपावर सामान असताना! म्हणून आमची वाचकांस विनंती की, बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगितलेले असते ते केवळ भरून न भागविता खरोखरच बदलावे, आणि नळ्यांतील हवा काढून घ्यावी. डबा सीलबंद असावा; महिनोन् महिने उघडा राहिलेला अर्धा डबा स्वस्त पडला तरी घेऊ नये. इंजिनचे ऑइल चुकूनही त्यात घालू नये. आतील रबरी वायसर फुगून सारी यंत्रणा निकामी होते. आणि उतारावर ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम पाळावा. इंजिन निम्मे काम करते.

मिस्त्रींनी पुढे हँडब्रेक पाहिला. त्याची तार सैल होती; मागच्या ड्रममध्ये शू झिजले होते आणि आत लालसर गंजाची भुकटी. "डुमसला नेता का गाडी?" त्यांनी विचारले. आम्ही कबुली दिली. रविवारी भजी आणि टोमॅटोची पुरी खाण्यास जावे, आणि गाडी वाळूवर न्यावी, हा सुरतेचा मोह कोणास टळला आहे? पण ओली खारी वाळू तळाशी चिकटून राहते, आणि ती धुतली नाही तर लोखंड खाते. समुद्रकाठी किंवा जहाजावर गाडी नेल्यावर एकदोन दिवसांत तिचा तळ आणि चाकांच्या आतील भाग गोड्या पाण्याने धुवावा. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, त्याने घाबरू नये. दोनचार ब्रेक लागताच तो जातो. पण ओली गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवली तर शू ड्रमला चिकटून बसतात. तेव्हा सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर सावकाश जाऊन पेडल हलकेच दाबीत राहावे, म्हणजे ब्रेक सुकतात. ऑगस्ट २००६ चा उकाईच्या पाण्याचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांस गाड्या पाण्यात बुडणे म्हणजे काय ते सांगणे नको. तशी बुडालेली गाडी मात्र चालू न करता ओढूनच न्यावी.

हँडब्रेकची परीक्षा घरीच करता येते. आपल्या इमारतीच्या तळघराच्या उतरंडीवर, मागेपुढे कोणी नसताना, पायाच्या ब्रेकने गाडी थांबवावी, हँडब्रेक ओढावा, गिअर काढावा आणि पाय हळूहळू उचलावा. गाडी सरकली तर जहाजाचे तिकीट पुढे ढकलावे. जहाजात चढावयाचे ते लोखंडी उतरंडीवरून. ती ओली असते, पुढे मालमोटार अडलेली असते आणि मागे दुसरी नाकाशी टेकलेली. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी जगातील मोठ्यांपैकी एक. भावनगरच्या बाजूस पाणी दहा मीटरांच्या घरात वरखाली होते, आणि त्याप्रमाणे धक्का व जहाज यांमधील उतरंडीचा कलही बदलतो.

आमची तिकिटे दोन आठवडे पुढे गेली. हजिऱ्यास तासभर आधी पोचलो. वेळापत्रक हवामानाप्रमाणे बदलते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी अवश्य करावी, आणि गाडीचे कागद वर हाताशी ठेवावे. मळमळीची गोळी, पाणी, वृद्धांची औषधे, शाल हे सारे वेगळ्या पिशवीत घ्यावे, कारण जहाज सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर परत जाऊ देत नाहीत. आम्ही मात्र मातोश्रींचा चष्मा गाडीतच विसरलो! गाडी खलाशी सांगतील तेथे लावून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, चोरघंटा बंद करावी. नाही तर लाटेच्या हेलकाव्याने ती वाजत राहते.

ज्यांस स्वतः न जाता गाडी पाठवावयाची असते, उदाहरणार्थ बदलीवर निघालेल्यांस, त्यांच्यासाठी वाहने नेणारी मोठी मालमोटार हाच नेहमीचा मार्ग. हवाली करण्यापूर्वी चारी बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे, खरचटे पावतीवर लिहून घ्यावे, वाटेतील विमा आहे की नाही हे तोंडी न विचारता लेखी मागावे. टाकीत थोडेच इंधन ठेवावे आणि गाडीत भांडीकुंडी भरू नयेत. काचेवरील फास्टॅग काढून ठेवावा. मालमोटारीवर बसलेल्या गाडीचाही टोल नाक्यावर कापला गेल्याच्या तक्रारी आहेत. आणि जी गोष्ट आपले लोक हटकून विसरतात ती ही की, गुजरातची गाडी महाराष्ट्रात, किंवा उलट, बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असेल तर तिची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी इकडच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत पत्र निघण्यापूर्वीच घेतलेले बरे.

जहाज सुटले तेव्हा हजिऱ्याची धुराडी धुक्यात होती. आखाताचे पाणी निळे नाही, तापीच्या पुरासारखेच गढूळ आहे. मातोश्री खिडकीशी बसल्या, थोड्या वेळाने आडव्या झाल्या; रस्त्याने जे शक्य नव्हते ते येथे सहज शक्य होते. दुपारी घोघा दिसू लागले. सिंहलद्वीपाची वधू आणि घोघ्याचा वर अशी एक म्हण गुजरातीत आहे. एके काळी या लहानशा बंदराचे खलाशी कोठवर जात असत, याची ती खूण. उतरताना ओहोटी होती. पुढची गाडी उतरंडीवर बंद पडली आणि आम्हांस मध्येच, नाक खाली करून, काही मिनिटे उभे राहावे लागले. हँडब्रेक ओढला. गाडी तसूभरही हलली नाही. मातोश्रींस यातले काही कळले नाही. त्या चष्मा शोधीत होत्या.

भावनगरास बहिणीच्या दारी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ती वॉकर धरून दारापर्यंत आली होती. आम्ही मातोश्रींस खुर्चीतून आत नेले, आणि मग अंगणातील नळाला नळी लावून गाडीचा तळ धुण्यास घेतला. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. नंतर दोघी एकदमच बोलू लागल्या.